सहा मिलीची दोन भोकं

१२ फेब्रुवारी २०२३, रविवार. रक्कम चाळीस हजार रुपये, रोख, इसार म्हणून. हजर आम्ही तिघं: मी, माझा धाकटा भाऊ सोमनाथ आणि इस्माईल उस्ताद. मांजरसुंब्याच्या चौकातून चौसाळ्याकडे निघालं की ढाब्यांची ओळ जिथं संपते, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा व्यवहार झाला. आमच्या वडिलांची पद्मिनी गाडी चौसाळ्यातल्या त्यांच्या दुकानामागच्या गोदामात चौदा वर्षं उभी होती. ती पुन्हा चालती करायची, असं काम ठरलं.

पावती मी लिहिली. उस्तादांनी ती वाचली नाही. घडी करून बाकावरच्या अंड्यांच्या ट्रेखाली सरकवली आणि म्हणाले, "कागद तुमच्या समाधानासाठी. काम माझ्या."

उस्ताद जाऊन आता दीड वर्ष होत आलं. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. गाव मूळचं बीडच, हात औरंगाबादेत तयार झाला, दोन मुली उजवल्या, एवढंच त्यांच्या तोंडून कळलं. मी त्यांना ओळखलं ते सतरा-अठरा महिने, आणि तेही एका गाडीपुरतं. पण जमीनमोजणी खात्यात तीस वर्षं काढून मी जेवढी माणसं पाहिली, त्यांत काम नेमकं करणारी माणसं एका हाताच्या बोटांवर येतील. त्यांत पहिलं बोट उस्तादांचं.

अंड्यांच्या ट्रेचं आधी सांगतो. गाडीचा एखादा भाग उघडायचा झाला की उस्ताद निघालेला प्रत्येक बोल्ट ट्रेच्या एकेका खळग्यात ठेवत. निघाला त्या क्रमानं. ट्रेच्या कडेला खडूनं आकडा. तीस खळगे भरले की दुसरा ट्रे. बसवताना उलट्या क्रमानं. खडू कायम कानावर. ते एकही आकडा लक्षात ठेवत नसत. "डोस्कं इचार करायला हाय, गोदाम न्हाई," म्हणत.

एकदा पुढच्या चाकाचं काम चाललं होतं आणि एक खळगा रिकामा निघाला. सतरा नंबर. दुसरा कुणी मेस्त्री त्याच मापाचा बोल्ट डब्यातून काढून बसवून मोकळा झाला असता. उस्तादांनी काम थांबवलं. शेड झाडून काढली, गाडीखालची माती चाळणीनं चाळली. मीही गुडघ्यावर बसून शोधत होतो. अडीच तास गेले. शेवटी शेजारच्या ढाब्यावरून चहा आला, पैसे द्यायला उस्तादांनी खिशात हात घातला आणि नाण्यांबरोबर बोल्ट बाहेर आला.

ढाबेवाला हसला. "उस्ताद, चहाला बोल्ट चालत न्हाई बरं का."

"हसू नको बे," उस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आजची मजुरी लावू नका. आज मी चोर शोधत व्हतो, आन् चोर मीच निघालो."

त्या दिवसाची मजुरी त्यांनी खरंच लावली नाही.

सुरुवातीला वाद होता तो सोमनाथचा आणि माझा. सोमनाथ पुण्यात असतो. त्याच्या मोबाइलमध्ये जुन्या गाड्यांचे पन्नासेक फोटो होते. एसी बसवलेल्या, पॉवर स्टिअरिंग टाकलेल्या, स्टिअरिंगवरचा गिअर खाली घेतलेल्या, एकीला तर इंजिनच दुसरं. त्याचं म्हणणं, एवढा खर्च करायचाच तर गाडी आजच्या रस्त्याला लायक करू. माझं म्हणणं, वडिलांनी चालवली तशीच्या तशी ठेवू. मी त्रेचाळीस कलमांची यादी नेली होती: घड्याळाची काच, हॉर्नची गोल कडी, आरशाचा दांडा, सगळं मूळचंच पाहिजे. रंगसुद्धा. डॅशबोर्डाच्या मागे, ऊन न लागलेल्या जागी, मूळचा दुधी रंग सापडला होता. तो नमुना मी कागदावर खरवडून घेतला होता.

उस्तादांनी फोटो नीट पाहिले, एकेक, अंगठ्यानं सरकवत. मग सोमनाथला विचारलं, "तुमच्या वडिलांचा फोटो हाय का घरी?"

"आहे की."

"त्याला पेनानं गॉगल काढा. बरा दिसला तर माझ्याकडं या. मी एसी टाकून देतो."

सोमनाथ हसला आणि विषय तिथंच संपला. जाताना मला म्हणाला, "दादा, तुझ्यासारखाच खडूस माणूस शोधलास."

मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो.

गाडीत काय बदलायचं आणि काय नाही, याबद्दल उस्तादांचा एकच नियम होता. गाडीच्या अंगाला नवं भोक पाडायचं नाही. नट-बोल्टनं लावलेली वस्तू काढता येते, रंग खरवडता येतो, सीटचं कापड बदलता येतं. "पण भोक पुसता येत न्हाई," ते म्हणत. तरुणपणी औरंगाबादेत असताना निवडणुकीच्या भोंग्यासाठी त्यांनी एका गाडीच्या टपाला चार भोकं पाडली होती. निवडणूक पंधरा दिवसांत संपली, भोंगा उतरला, भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. तीन पावसाळ्यांनी तीच गाडी दुसऱ्या कामाला आली तेव्हा दाराशेजारचा खांब आतून सडलेला. बोट लावलं तर पापडासारखा तुटला. "मालक म्हणला, जुनी गाडी हाय, चालायचंच. त्याला ठावं नव्हतं कुणी केलं. मला ठावं व्हतं." त्यानंतर चाळीस वर्षांत त्यांनी एकाही गाडीच्या पत्र्याला ड्रिल लावलं नव्हतं. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

गेवराईचा एक वाळूवाला गाडी घेऊन आला होता. त्याला बॉनेटवर मोठे दिवे आणि कानठळ्या बसवणारा हॉर्न हवा होता. उस्तादांनी गाडी आठवडाभर ठेवून घेतली आणि फक्त ब्रेक दुरुस्त करून परत दिली. तो चिडला. "उस्ताद, हॉर्न कुठंय?"

"हॉर्नचं मागून बघू. आधी तिला थांबायला शिकवलंय."

काम अकरा महिने चाललं. हैदराबादच्या भंगार बाजारात उस्ताद स्वतः दोनदा जाऊन आले. माझ्या यादीतली एकेचाळीस कलमं मूळची मिळाली, दोन मिळाली नाहीत. ती दोन त्यांनी स्वतःच्या हातानं घडवली आणि आतल्या बाजूला खिळ्यानं बारीक खूण केली. पुढं कुणी उघडून पाहिलं तर त्याची फसवणूक होऊ नये, म्हणून. उन्हाळ्यात चालवताना इंजिनातला पेट्रोलचा पंप तापू नये म्हणून त्यावर ओलं फडकं ठेवायचं, हे वडील करायचे तसंच त्यांनी मलाही सांगितलं. आवाज तपासताना उस्ताद इंजिन सुरू करून लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्यावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे. तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

२१ जानेवारी २०२४ ला गाडी बीडला आमच्या दारात आली. उस्तादांनीच चालवत आणली. शेजारीपाजारी जमले, माझ्या पत्नीनं, महानंदानं, गाडीला हळदकुंकू लावलं.

महानंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. चालताना कुबडी लागते, बाकी तिचं कशावाचून अडत नाही, असं मी तोवर धरून चाललो होतो.

ओवाळून झाल्यावर तिनं कुबडी दाराला टेकवली आणि स्टिअरिंगसमोर बसली. हात गोल फिरवला. मग खाली पाहिलं, आणि हसत म्हणाली, "सगळं छान झालंय. माझ्यासाठी फक्त एक पेडल जास्त आहे."

सगळे हसले. मीही हसलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी बशीतला चहा संपवला, दुसरा घेतला नाही आणि एसटीनं परत गेले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मोजणीसाहेब, गाडी घेऊन या. काम राहिलंय."

"कोणतं? यादी तर पूर्ण झाली."

"यादी तुमची व्हती. एक पेडल जास्त हाय."

मला राग आला. जे झालं ते सांगतो. पुण्याच्या एका जुन्या गाड्यांच्या जाणकारानं नुकतीच गाडीची किंमत पावणेपाच लाख केली होती, आणि स्पष्ट सांगितलं होतं की मूळ रचनेत बदल केला तर सव्वातीनच्या वर कुणी देणार नाही. दीड लाखाचा फरक. गाडी विकायची नव्हती, तरी फरक तो फरकच. मी महानंदाला म्हणालो, "तुला चालवायचीच असेल तर क्लच नसलेली एखादी जुनी गाडी घेऊ. तीन लाखांत मिळेल."

ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "मला गाडी चालवायची हौस नाही. मला ही गाडी चालवायची आहे."

"का पण?"

मग तिनं सांगितलं. लग्नानंतर अकरा वर्षं आम्ही चौसाळ्यात होतो. मी मोजणीच्या कामावर जिल्हाभर फिरत असे. तिला शाळेत रोज नेऊन सोडत ते माझे वडील, याच गाडीतून. जाताना ते गिअर मोठ्यानं बोलायचे: आता पहिला, आता दुसरा, ऐक आवाज, आता मागतीय बघ तिसरा. "एक दिवस म्हणाले, 'पोरी, तुला गाडी सगळी येती, फक्त बसायची जागा चुकलीय.' हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंही नाही."

दुसऱ्या दिवशी मी गाडी मांजरसुंब्याला नेली.

उस्तादांनी बाकावर एका जुन्या स्कूटरचं हँडल ठेवलं होतं. "ह्यात बघा. क्लच आन् गिअर दोनी डाव्या हातात. आख्ख्या मुलखानं चालवली ही स्कूटर. मंग गाडीत कावून नको?" पद्मिनीचा गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो, डाव्या हाताशी. त्या दांड्यालाच क्लचची मूठ लावायची, मुठीपासून तार खाली पेडलपर्यंत न्यायची. मूठ दाबली की पेडल खाली. कल्पना एवढीच. पण पायानं दाबायचं वजन हातानं दाबायचं होतं.

इथं माझा थोडा उपयोग झाला. भंगारवाल्याकडून आकड्याचा ताणकाटा आणून मी पेडलचं वजन मोजलं: पंधरा किलो. महानंदाच्या डाव्या मुठीची ताकद घरी मोजली. दिवसभर शंभरदा दाबायचं तर साडेचार किलोच्या वर जाता कामा नये, असा हिशेब निघाला. उस्तादांनी माझा कागद पहिल्यांदाच वाचला. दोनदा वाचला. "हा कागद माझ्याही समाधानाचा हाय," म्हणाले. तीन पट्ट्यांचा तरफेसारखा जोड करून त्यांनी वजन सव्वाचारवर आणलं.

त्या दिवसांत त्यांनी आणखी एक गोष्ट केली. स्वतःचा डावा पाय रुमालानं सीटच्या पायाला घट्ट बांधला आणि तशी गाडी चालवत चौसाळ्याला गेले-आले. एकदा नाही, रोज. पाय मोकळा असला की तो गुपचूप मदत करतो, असं त्यांचं म्हणणं. परत आल्यावर पायाला मुंग्या आलेल्या असत, दोघांनी धरून उतरवावं लागे. ढाबेवाला ओरडायचा, "उस्ताद, ह्या वयात पाय बांधून कुठं निघालात? चाचीनं बांधला का?"

"तिनं बांधला असता तर घरीच असतो बे!"

पण एक गोष्ट जमेना. तारेचं वरचं टोक अडकवायला त्यांनी स्टिअरिंगच्या नळीला पट्टा कसला होता, भोक पाडायचं नाही म्हणून. वीस-पंचवीसदा मूठ दाबली की पट्टा घसरायचा. रबर लावून पाहिलं, ट्यूबचा तुकडा, तांब्याची पट्टी. तेरा दिवस गेले. तेराव्या दिवशी चौसाळ्याच्या उतारावर पट्टा पुन्हा घसरला, गाडी गिअरमध्येच अडकली आणि मागून ट्रक होता. उस्तादांनी गाडी कडेला घेतली. काही झालं नाही. पण गाडीत भाभी, म्हणजे महानंदा, असत्या तर, हे त्यांनी मला फोनवर तीन वेळा सांगितलं.

रविवारी महानंदा आणि मी गेलो. उस्ताद गाडीपाशी उभे होते. मळलेला टॉवेल खांद्यावर, आवाज नेहमीपेक्षा खाली.

"तारेचा आधार बोल्टनं कसायचा, तर दोन भोकं लागतेत. सहा मिलीची. पेडलच्या वरच्या पत्र्याला."

मी म्हणालो, "चाळीस वर्षांत तुम्ही पाडलं नाही."

"न्हाई पाडलं."

"आणि आता?"

"आता तुमी सांगा. गाडी तुमच्या वडिलांची."

पावणेपाच आणि सव्वातीन हे दोन आकडे तेव्हाही माझ्या डोक्यात होते. शिवाय तो पत्रा वडिलांच्या पायाशी असलेला पत्रा होता. महानंदाच म्हणाली, "उस्ताद, नका पाडू. माझ्यापायी तुमचा नियम कशाला मोडता? माझं चाललंय की इतकी वर्षं."

उस्ताद तिच्याकडे वळले. "भाभी, नियम काय आसमानातून आला न्हाई. गाडी सडू नये म्हणून मीच केलता. तुमचे साहेब हिला चालवणार महिन्यातून एकदा, पुसणार रोज. ही उभ्या उभ्याच सडंल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझं एवढंच म्हणणं हाय. म्या आजवर गाडी पाहिली. कुणाला चालवायचीय ते न्हाई पाहिलं. आता ह्या वयात दिसलं, त्याला काय करू?"

माझ्या शर्टाच्या खिशात कामाची पट्टी आणि टोकदार पेन्सिल नेहमी असते. मी गाडीत वाकलो. पेडलपासूनचं अंतर घेतलं, मधली रेषा काढली, दोन बाजूंना सव्वाअठरा मिलिमीटरवर दोन ठिपके दिले. दोनदा तपासले. बाहेर आलो आणि म्हणालो, "इथं."

उस्तादांनी पहिलं भोक पाडलं तेव्हा चार-पाच सेकंद लागले असतील. दुसऱ्याला तेवढेच. पडलेला कीस त्यांनी ब्रशनं कागदावर गोळा केला. मग आगपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून भोकाच्या आतल्या कडेला, गंजू नये म्हणून, लाल ऑक्साइड लावत बसले. एक हात, वाळू दिला, दुसरा हात. पत्र्याच्या मागच्या बाजूनंही. भोकं पाडायला दहा सेकंद आणि त्यांची निगा राखायला साडेतीन तास. त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. रबरी कडी बसवून तार ओढली, मूठ तीनशे वेळा दाबून पाहिली. मी मोजत होतो. हललं नाही.

गाडीत झालेला बदल मी आरटीओत रीतसर नोंदवून घेतला. महानंदाला शिकवलं उस्तादांनी, शाळा सुटल्यावर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या पडीक रानात. पहिल्या दिवशी तिनं गाडी दोनदा बंद पाडली. तिसऱ्यांदा उचलली आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी नेली, की उस्ताद खिडकीतून बाहेर डोकं काढून मला ओरडले, "ओ साहेब! ह्यांना कुणी शिकवलंय? मला फसवता काय?"

हिशेब मात्र त्यांनी लांबवला होता. भाभी परवाना घेऊन, स्वतः चालवत येतील तेव्हा पैसे, त्याच्या आधी नाही.

७ जुलै २०२४. महानंदानं बीडहून मांजरसुंब्यापर्यंत गाडी आणली. मी शेजारी बसलो होतो, आणि हात कुठं ठेवावेत हे मला सगळा रस्ता कळलं नाही. उस्ताद शेडसमोर खुर्चीवर होते. थोडे वाळले होते. दमा वाढला होता, हे नंतर कळलं. गाडी थांबल्यावर त्यांनी आधी पुढं वाकून इंजिनचा आवाज ऐकला, मग महानंदाला सलाम केला.

मी पाकीट काढलं. त्यांनी हातानं थांबवलं. "तुमचं खातं मागंच मिटलं. हे काम यांचं हाय."

महानंदा म्हणाली, "उस्ताद, मजुरी लावाल ना? की भाभी म्हणून सोडाल?"

"पुरी लावणार. फुकट केलं तर उद्या काही बिघडल्यावर सांगायला लाजाल. बिघाड तसाच अंगावर काढाल, पण गाडी इथवर येणार न्हाई." खडूनं त्यांनी शेडच्या पत्र्यावरच मांडलं. तार, मूठ, पट्ट्या, रबर मिळून दोन हजार दोनशे साठ. तेरा दिवस, सातशेप्रमाणे, नऊ हजार शंभर. भोकं पाडली तो दिवस धरला नव्हता. मी ते दाखवलं. "तो दिवस माझा व्हता," एवढंच म्हणाले.

तिनं पर्समधून नोटा काढल्या. त्यांनी दोनदा मोजल्या, आतल्या खिशात ठेवल्या, टॉवेलनं हात पुसले. आम्हाला बीडकडे वळायचं होतं आणि रस्त्यावर ट्रकांची रांग होती. उस्ताद खुर्चीतून उठले, चालत रस्त्याच्या मधोमध गेले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. खताच्या पोत्यांनी लादलेला एक ट्रॅक्टर आणि त्यामागचे दोन ट्रक थांबले. एक ड्रायव्हर शिव्या देत होता. उस्ताद त्याच्याकडे पाहत नव्हते. महानंदानं मूठ दाबली, गाडी मागं घेतली, पहिला टाकला आणि त्यांच्या बाजूनं वळवून नेली. मी आरशात पाहिलं तेव्हा ते अजून तसेच हात वर करून होते. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. डिसेंबरात ते गेले.

एकूण अकरा हजार तीनशे साठ रुपये. देणार महानंदा, घेणार इस्माईल उस्ताद.